गळतंय नक्की कुठून?

पावसाळा संपला तरी छतावरचा ओला डाग वाढतच होता. नागावच्या आमच्या घरात दोन वर्षं चाललेल्या या डिटेक्टिव्ह स्टोरीत गुन्हेगार शेवटी सापडला. त्यात थोडी मीसुद्धा निघाले!

सकाळचे साडेसहा. दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेली मी अर्धवट झोपेत, आणि खालून ‘धप्प’ असा आवाज आला. धावत खाली गेले तर आज्जी देवघराच्या दारात फुलांची परडी घेऊन उभी. देव्हाऱ्यासमोरच्या पाटावर, जिथे ती रोज बसते तिथेच, जेवणाच्या ताटाएवढा गिलाव्याचा तुकडा पडलेला. वर छतात तेवढाच खड्डा आणि खड्ड्यातून डोकावणाऱ्या दोन गंजक्या सळया. आज्जी जास्वंदीची फुलं काढायला परसात गेली नसती तर... हे वाक्य त्या दिवशी घरात कुणीही पूर्ण केलं नाही.

आज्जी फक्त एवढंच म्हणाली, “गो, मी तेव्हाच सांगत होते. देवावर न्हाणी नको.”

देवघराच्या बरोबर वर आमच्या होमस्टेचं अटॅच्ड बाथरूम आहे. आणि ते बाथरूम ‘डिझाइन’ कुणी केलं होतं? अस्मादिकांनी.

कौलं गेली, स्लॅब आला

अलिबाग ते रेवदंडा रस्त्यावर नागाव लागतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाडीत घर आणि घरामागे समुद्र. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. अलिबागपासून मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या मागच्या भागावरची कौलं त्या दुपारी कुठे गेली ते आम्हाला आजही माहीत नाही.

वादळानंतर किनाऱ्यावरच्या अनेक घरांनी जो निर्णय घेतला तोच आम्हीही घेतला: आता कौल नको, स्लॅब हवा. मागचा भाग पाडून नव्याने बांधला. खाली स्वयंपाकघर आणि देवघर, वर पर्यटकांसाठी दोन खोल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली होती. मुंबईची माणसं गाडी बोटीत घालून तासाभरात मांडव्याला उतरायला लागली होती. वाडी उभी राहायला वर्षं लागणार होती. माड लावला तरी लगेच नारळ देत नाही. पण खोली बांधली की पुढच्या वीकेंडला भाडं देते. आणि खोली म्हटली की पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “अटॅच्ड आहे ना?”

इथे थोडं मागे जावं लागेल. आज्जी लग्न होऊन आली तेव्हा न्हाणी घराच्या मागच्या बाजूला, बाहेर होती. खाली एक मोठा उताराचा दगड, शेजारी तांब्याचा बंब, आणि पाणी दगडावरून पन्हळीत, पन्हळीतून केळीच्या बुंध्याशी. केळीला पुरून उरलं तर माडाला. ‘लीकेज’ हा प्रकारच नव्हता, कारण गळालेलं पाणीही कुणाच्या तरी मुळाशीच जायचं. ती न्हाणी आम्ही उचलली आणि पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवली. दगडाखाली जमीन होती. आता टाइलखाली स्लॅब आणि स्लॅबखाली आज्जी.

त्यात माझं डोकं. मी एफवायला होते आणि मोबाइलमध्ये बाथरूमच्या रील्स सेव्ह करून ठेवल्या होत्या. बाथरूमला उंबरा नको, म्हणजे लूक तुटत नाही. टाइल मोठी हवी, चार बाय दोन फुटांची, राखाडी मॅट. काम करणारे मिस्त्री म्हणालेही होते, “ताई, एवढ्या मोठ्या टाइलला ढाळ नीट बसत नाही.” मी म्हटलं, “ॲडजस्ट करा ना काका.” त्यांनी केलं ॲडजस्ट. फरशी जवळजवळ सपाट झाली. फोटो मात्र भारी आले.

डागाचा माग

पहिलं वर्ष काहीच झालं नाही. २०२३ च्या जुलैत देवघराच्या छतावर पुरीएवढा पिवळसर डाग दिसला. बाबा म्हणाले, “पाऊस आहे, ओल येणारच.” चूक नव्हतं ते. आमच्याकडे वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. इथल्या माणसाला ओलीचं विशेष काही वाटत नाही. पापड, चपला, वह्या, सगळ्यालाच ओल येते.

दिवाळीपर्यंत डाग पोळीएवढा झाला आणि कडेला पांढरी पूड दिसायला लागली. लोणा लागला म्हणतात ना, तोच. २०२४ च्या मे महिन्यात बाबांनी गच्चीला पांढरं कोटिंग करून घेतलं. पाऊस आला, गेला. डाग तसाच. पाऊस जाऊन महिना झाला तरी तो वाढत होता. मग दिवाळीत ते ताट पडलं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी कॉलेजात शिकलेलं काहीतरी घरात वापरलं. आईने छताचे अधूनमधून फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले होते. ते तारखेप्रमाणे लावले आणि शेजारी होमस्टेचं बुकिंगचं रजिस्टर उघडून ठेवलं. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. डाग पावसाप्रमाणे वाढत नव्हता, पाहुण्यांप्रमाणे वाढत होता. ख्रिसमसचा आठवडा, मेची सुट्टी, दिवाळी. परीक्षांच्या काळात खोल्या रिकाम्या, की डाग सुकून फिका. गच्चीवरचा पाऊस आम्ही अडवला होता, पण खरा पाऊस शॉवरमधून पडत होता.

आता सापडलंच आहे म्हटल्यावर बाबांनी झटपट उपाय केला. टाइल न फोडता सांध्यांत ओतायचं एक पारदर्शक द्रव्य बाजारात मिळतं, ते आणून ओतलं. सगळ्यांना बरं वाटलं. महिनाभर टिकलं. नाताळात पुन्हा थेंब.

हातोडा न आणलेले मिस्त्री

मग चौलहून एक जुने मिस्त्रीकाका आले. सत्तरीकडे झुकलेले. मला वाटलं आल्या आल्या हातोडा चालवतील. त्यांनी पिशवीतून काढली एक पेन्सिल, एक गोटी आणि वाळू भरलेली प्लास्टिकची थैली. गोटी त्यांनी शॉवरखाली सोडली. ती जाळीकडे जायच्या ऐवजी निवांत समोरच्या भिंतीकडे गेली आणि कोपऱ्यात थांबली.

“बघ पोरी,” काका म्हणाले, “पानी वाट इचारत नाय. सोधतं.”

पुढचे बारा-पंधरा दिवस त्यांनी काहीही फोडलं नाही. फक्त तपासणी केली. ही पद्धत कुणालाही घरी करता येण्यासारखी आहे, म्हणून चौकटीत सविस्तर देतेय.

चौकट : फोडण्याआधी ही परीक्षा घ्या

तयारी : बाथरूम आठ-दहा दिवस पूर्ण बंद ठेवा. टाइलखाली साठलेलं जुनं पाणी आधी उतरू दे, नाहीतर नवं-जुनं कळत नाही. खालच्या छतावरच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा.

पहिली परीक्षा, नळाची लाइन : बाथरूम बंद असूनही डाग रात्रंदिवस सारखाच ओला राहत असेल तर संशय भिंतीतल्या पाइपवर. घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा काटा किंवा टाकीतली पातळी बघा. कुणी पाणी वापरत नसताना काटा फिरतोय? मग फरशीला हात लावू नका, प्लंबरला बोलवा.

दुसरी परीक्षा, सांडपाण्याची लाइन : फरशी अजिबात ओली न करता नरसाळ्याने किंवा पाइपने थेट जाळीच्या आत चार-पाच बादल्या पाणी सोडा. एक-दोन दिवस थांबा. डाग रेघेबाहेर गेला तर गळती ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पाइपच्या जोडात.

तिसरी परीक्षा, फरशी : वाळूची थैली जाळीवर दाबून बसवा, दाराशी ओल्या फडक्याचा बांध घाला आणि इंचभर पाणी भरा. भिंतीवर पातळीची खूण करा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थांबा. पातळी चांगलीच उतरली आणि खाली ओल आली तर फरशी किंवा कोपरे दोषी.

चौथी परीक्षा, भिंत : वरच्या तीनही परीक्षांत पास, तरीही गळतंय? मग शॉवरचं पाणी फक्त भिंतीवर मारा. टाइलच्या सांध्यांतून आणि नळाच्या चकतीमागून पाणी आत जात असेल.

दोन परीक्षांच्या मध्ये किमान दोन दिवस जाऊ द्या. घाई केली की चुकीचा माणूस आत जातो.

आमचं बाथरूम पहिल्या परीक्षेत पास झालं. दुसरीत नापास. तिसरीत तर अगदीच नापास. सकाळी बघितलं तर पाण्याची पातळी अर्धा इंच उतरली होती आणि खाली देवघरात आईने ठेवलेल्या परातीत टप टप चालू होतं. या प्रकाराला बांधकामवाले ‘पाँडिंग टेस्ट’ म्हणतात. काका म्हणाले की ही टेस्ट टाइल बसवायच्या आधी करायची असते. आमच्याकडे ती कधी झालीच नव्हती. कुणी केली नाही, आणि आम्ही मागितलीही नाही.

टाइल म्हणजे रेनकोट नाही

मला वाटायचं, टाइल चकचकीत आहे म्हणजे पाणी आत जात नाही. टाइलमधून जात नाही हे खरं, पण दोन टाइलमधल्या सांध्यातून जातं. तिथे भरलेलं साधं सिमेंटचं ग्राउट पाणी शोषतं, त्याला केसासारख्या भेगा पडतात. रोज थोडं पाणी टाइलखाली जातंच. चांगल्या बाथरूममध्येही जातं! फरक एवढाच की तिथे खाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो आणि त्या थरालाही जाळीच्या दिशेने उतार असतो. म्हणजे वरचं पाणी वरून जाळीत, खाली मुरलेलं पाणी खालून जाळीकडे.

जाळीखालच्या भांड्याला प्लंबर लोक ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द मराठी मुलखाबाहेरच्या प्लंबिंगच्या ड्रॉइंगमध्येही असतो, आणि तो आपल्या न्हाणीचाच भाऊ आहे. बाथरूम बदललं, पाइप प्लॅस्टिकचे झाले, तरी न्हाणी काही नकाशातून गेली नाही. या ट्रॅपच्या वाकलेल्या भागात कायम थोडं पाणी राहतं आणि त्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. होमस्टेवाल्यांसाठी एक फुकटची टीप. खोली बरेच आठवडे बंद राहिली की हे पाणी सुकतं आणि पाहुणा दार उघडताच नाक मुरडतो. फिनेल ओतायच्या आधी दोन तांबे पाणी ओतून बघा.

जानेवारीत आम्ही फरशी फोडली. मी मुद्दाम सुट्टी काढून गेले. चार गोष्टी सापडल्या.

एक, टाइलखालचा कोबा. स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून उतार देण्याची ही आपल्याकडची जुनी पद्धत. नीट केला तर कोबा वर्षानुवर्षं टिकतो. पण वरून पाणी मुरत राहिलं तर त्यातल्या विटा स्पंजसारखं पाणी पितात आणि आठवडेच्या आठवडे सोडत राहतात. म्हणून गळती शॉवरखाली असली तरी डाग पाच फुटांवर दिसू शकतो, आणि पाहुणे गेल्यावरही ओल येत राहते. आमचा कोबा काढला तेव्हा बुरशीचा असा वास सुटला की आईने खालची खिडकी लावून घेतली.

दोन, ट्रॅप आणि स्लॅब यांच्यामध्ये नखभर फट. प्लॅस्टिकच्या पाइपभोवती नुसतं सिमेंट भरलं होतं. प्लॅस्टिकला सिमेंट घट्ट धरत नाही. सुकताना आक्रसतं आणि सगळीकडून बारीक फट राहते.

तीन, कोटिंग होतं! पण फक्त जमिनीवर. भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत येऊन संपलेलं. गळती नेमकी कोपऱ्यातूनच होते, कारण जमीन आणि भिंत वेगवेगळ्या हलतात आणि चीर तिथेच पडते.

चार, उतार. वरच्या टाइलला नव्हताच, आणि खालच्या थराचा उतार जाळीच्या उलट दिशेला. मोठ्या टाइलची भानगड इथे कळली. पाणी चारही बाजूंनी एका जाळीकडे यायचं तर फरशी उथळ ताटासारखी मधे खोलगट हवी. चार फुटांची कडक टाइल अशी वळत नाही. लहान टाइल असली की अनेक सांध्यांत तो उतार थोडा थोडा वाटून घेता येतो. मोठी लावायचीच असेल तर ती कापावी लागते, किंवा भिंतीलगत लांबट जाळी ठेवून सगळी फरशी एकाच बाजूला उतरवावी लागते. रीलमध्ये बहुधा तेच केलेलं असणार. माझं लक्ष रंगाकडे होतं.

समुद्राचा हिशेब वेगळा

गळती सगळीकडेच वाईट, पण किनाऱ्यावर ती जास्त महाग पडते. काँक्रीटमधली सळई एरवी सुरक्षित असते, कारण सिमेंटमुळे तिच्याभोवती अल्कलीयुक्त वातावरण असतं आणि त्यात लोखंड गंजत नाही. मीठ हे कवच मोडतं. आमच्याकडे मीठ हवेतच आहे. कालवताना खाडीची न धुतलेली रेती किंवा उन्हाळ्यात मचूळ झालेलं विहिरीचं पाणी वापरलं असेल तर ते आतही गेलेलं असतं. त्यात वरून रोज पाणी मिळालं की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो. त्याला जागा हवी म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलतो. काँक्रीट फुगतं, तडकतं आणि एका सकाळी पाटावर पडतं.

म्हणून ओला डाग हा रंगाचा प्रश्न समजून त्यावर चुना मारू नका. छतावर बोटाने टकटक करून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला, किंवा सळईच्या रेषेत सरळ तडा आणि तांबूस डाग दिसला, तर खालची जागा आधी रिकामी करा आणि इंजिनीअरला दाखवा. आणखी एक. छतातून वायरिंगचा पाइप जात असेल आणि दिव्याच्या होल्डरमधून पाणी टपकत असेल तर त्या सर्किटचा मेन स्विच बंद ठेवा.

आमच्या इंजिनीअरने बघितलं आणि सांगितलं की सळया अजून झिजलेल्या नाहीत, वरवर गंजल्या आहेत. त्या पूर्ण मोकळ्या करून तारेच्या ब्रशने घासल्या, गंजरोधक लावला आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने छत पुन्हा भरलं. अजून दोन पावसाळे काढले असते तर गोष्ट वेगळी असती, असंही ते म्हणाले.

दुरुस्ती, क्रमाने

यूट्यूबवर वॉटरप्रूफिंग म्हणजे डबा उघडून ब्रश फिरवणं. प्रत्यक्षात आमच्या पाच दिवसांच्या कामात ब्रश दीड तास चालला. बाकी सगळा वेळ ब्रशच्या आधीचा आणि नंतरचा.

कोबा काढून स्लॅब उघडा केला, घासला, धुतला. भेगा छिन्नीने थोड्या रुंद करून भरल्या. ट्रॅप नवा बसवला आणि त्याच्याभोवती न आक्रसणारं ग्राउट भरलं. जमीन आणि भिंतीच्या काटकोनी कोपऱ्यात मसाल्याची गोलाई दिली, म्हणजे कोटिंगला तिथे तीक्ष्ण घडी पडत नाही. उतार खालीच दिला, मीटरला दीड ते दोन सेंटीमीटर. मग सिमेंट आणि पॉलिमरचं कोटिंग. पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. कोपऱ्यांत आणि ट्रॅपभोवती मध्ये फायबरची जाळी. भिंतीवर सगळीकडे फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वर. ट्रॅपच्या तोंडाच्या आतपर्यंत कोटिंग उतरवलं. दाराच्या उंबऱ्यावरसुद्धा.

हो, उंबरा परत आला. काकांनी विचारलंच नाही, सरळ बांधला.

कोटिंग सुकल्यावर वाळूची थैली पुन्हा जाळीवर बसली. यावेळी पाणी पूर्ण अठ्ठेचाळीस तास ठेवलं. टाइलचे खोके दोन दिवस अंगणात पडून होते, दुकानदाराचा माणूस ‘कधी लावताय’ विचारून गेला, पण काका हलले नाहीत. मग टाइल, एक फुटाची, खरखरीत. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट. ते महाग असतं आणि लावायला कटकटीचं, पण पाणी शोषत नाही. त्यानंतर पुन्हा एकदा पाणी भरून टेस्ट.

बिल बघितल्यावर लक्षात आलं की सगळ्यात लहान आकडा कोटिंगच्या डब्याचा होता. मोठे आकडे फोडण्याचे, राबिट उचलण्याचे, पुन्हा फरशी लावण्याचे आणि महिनाभर बंद ठेवलेल्या खोलीचे. पहिल्या वेळी दोन दिवस थांबून पाणी भरून बघितलं असतं तर यातलं काहीच लागलं नसतं. दुकानात विचारताना एवढं लक्षात ठेवा. सिमेंटमध्ये मिसळायच्या वॉटरप्रूफिंग कंपाउंडसाठी आयएस २६४५ हे भारतीय मानक आहे, पाकिटावर ते शोधा. पण ते मिसळलं म्हणून वरचं कोटिंग आणि उतार माफ होत नाहीत.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

आमच्याकडे वरचाही मी आणि खालचीही आज्जी, त्यामुळे भांडण घरातच मिटलं. अलिबागमध्ये माझी एक मैत्रीण राहते, तिच्या सोसायटीत वरच्या आणि खालच्या मजल्यात दोन वर्षं बोलणं बंद आहे. कारण तेच. तुमच्याकडे असं असेल तर तीन गोष्टी माहीत असू द्या.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम. फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या सभासदाच्या खर्चाने. म्हणून गळती नेमकी कुठून, हे आधी ठरलं पाहिजे. चौकटीतली परीक्षा दोन्ही मजल्यांनी मिळून, खुणेवर तारीख टाकून, फोटो काढून केली तर अर्धं भांडण तिथेच संपतं.

फ्लॅट नवा असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४ वाचा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरला कळवला, तर तो त्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्या. आणि बिल्डरला कळवायच्या आधी स्वतः टाइल फोडू नका.

तिसरी गोष्ट कायद्यात नाही. वरच्यांकडे पहिल्यांदा जाल तेव्हा तक्रार न घेता पेन्सिल घेऊन जा.

किल्ल्यावर मिळालेलं उत्तर

काम संपलं त्या रविवारी ओहोटीच्या वेळी मैत्रिणींबरोबर अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गेले. लहानपणापासून शंभर वेळा गेलेय, पण यावेळी तटाचे दगड जवळून बघितले. समुद्राकडचे ते मोठाले दगड नुसते एकमेकांवर रचलेले आहेत, सांध्यांत चुना भरलेला नाही. असं सांगतात की लाट आदळली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथेच मोडतो आणि पाणी परत निघून जातं. शिवाजी महाराजांच्या काळातला तट अजून उभा आहे. आणि त्याच किल्ल्याच्या आत, चारही बाजूंना खारं पाणी असताना, गोड्या पाण्याचं तळं आहे.

आमचं बाथरूम काही किल्ला नाही. तिथे फटी ठेवून चालणार नाही! पण इतके दिवस आम्ही एकच विचार करत होतो, पाणी अडवायचं कसं. काकांनी पहिल्या दिवशी गोटी सोडून विचारलेला प्रश्न वेगळा होता. पाण्याने जायचं कुठून? आज्जीच्या न्हाणीच्या दगडाला तो प्रश्न कधी पडला नाही, कारण त्याचं उत्तर दगडाच्या उतारातच होतं.

सध्याची परिस्थिती अशी. अंघोळीच्या पाण्याची लाइन वेगळी काढून पुन्हा वाडीत सोडली आहे, वादळानंतर लावलेल्या माडांच्या ओळीत. देवघर पुढच्या जुन्या भागात, कौलांखाली गेलं. बाबा म्हणाले होते, आता गळणार नाही, हलवायची गरज नाही. आज्जी काही बोलली नाही, तिने फक्त देव उचलले. जिथे देव्हारा होता तिथे आता तांदळाचे डबे आहेत. छतावरच्या नव्या गिलाव्यावर आईने पेन्सिलने गोल काढून तारीख लिहून ठेवली आहे. दर रविवारी ती वर बघते आणि ग्रुपवर एकच शब्द टाकते, “कोरडं.” खरी परीक्षा अर्थात मेच्या गर्दीत.

गेल्या आठवड्यात नव्या बाथरूमचा पहिला ऑनलाइन रिव्ह्यू आला. चार स्टार. ‘खोली स्वच्छ, जेवण उत्तम, पण बाथरूमच्या उंबऱ्याला ठेच लागते.’

बाबा याला मोठं उत्तर लिहायला बसले होते. मी मोबाइल काढून घेतला आणि लिहिलं, “धन्यवाद, पुन्हा या. जपून.”